आठ वर्षांच्या मुलीला कोणतं मराठी पुस्तक द्यावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी आठ वर्षांची, इंग्रजी माध्यमात तिसरीला. घरात सगळे मराठीच बोलतात आणि तीही फाडफाड बोलते. इंग्रजी पुस्तकं भराभर संपवते. म्हणून तुम्ही ‘वय 7 ते 9’ असं छापलेली मराठी पुस्तकं आणलीत, तर दोन ओळी वाचून ती ठेवून देते. त्याहून सोपी आणली तर ‘ही बाळांची आहेत’ म्हणते. साडेतीन वर्षांच्या धाकट्याला तुम्ही गोष्ट वाचून दाखवता तेव्हा मात्र शेजारी येऊन बसते आणि शेवटपर्यंत ऐकते. कोणत्या वयाला कोणतं पुस्तक द्यावं याचा तक्ता तुम्हाला हवा आहे.

तक्ता करून देणं अवघड नाही, पण तुमच्या घरी तो पहिल्याच आठवड्यात कोलमडेल. पुस्तकावर वय छापताना प्रकाशकाने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: मुलाचं वय, त्याची भाषा आणि त्याचं वाचन ही तिन्ही हातात हात घालून चालतात. मराठी माध्यमातल्या, मराठी घरातल्या मुलांच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं असतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत नाही. तिचा मराठी कान आठ वर्षांचा आहे, कदाचित त्याहून मोठाच. तिचं इंग्रजी वाचन तिसरीचं आहे. देवनागरी वाचणारे तिचे डोळे मात्र, तुमच्या वर्णनावरून, पहिलीच्या शेवटाला असतात तिथे आहेत. एकाच मुलीसाठी तुम्हाला दोन वेगवेगळ्या टप्प्यांवरची पुस्तकं हवी आहेत, काही तिने वाचायची आणि काही तिने ऐकायची. ही फोड केली की निवड पुष्कळ सोपी होते.

मी बालवाचनालय चालवते, त्याआधी प्राथमिक शाळेत शिकवत होते. मूल कोणतं पुस्तक उचलतं आणि कितव्या पानावर ठेवून देतं, हे रोज डोळ्यांसमोर असतं. त्यावरून पुढचं सांगते आहे.

वाचनाचं एक साधं सूत्र फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या दोन अभ्यासकांनी 1986 मध्ये मांडलं. छापलेलं उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं, म्हणजे वाचून समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, हे महत्त्वाचं. दोन्हींपैकी एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही भक्कम असो, हाती काही लागत नाही. तुमच्या मुलीची दुसरी बाजू भक्कम आहे. अडतं ते लिपी उलगडण्यात. आणि ती आळशी आहे किंवा तिला मराठीची गोडी नाही, असा अर्थ यातून कृपा करून काढू नका. गोडी नसती तर ती धाकट्याची गोष्ट ऐकत बसली नसती.

लिपीला एवढा वेळ का लागतो, हे इंग्रजी माध्यमाच्या पालकांना बऱ्याचदा कोणी सांगितलेलंच नसतं. इंग्रजीत आकार थोडे, सव्वीस अक्षरांच्या लहान-मोठ्या जोड्या. त्रास असतो तो स्पेलिंगचा. मराठीत उलटं आहे. एकदा आकार ओळखता आला की जवळपास सगळं वाचता येतं, पण आकारच भरपूर. चौतीस व्यंजनांची बाराखडी म्हणजे चारशेच्या वर चिन्हं, त्यात जोडाक्षरं वेगळी. शिवाय चिन्ह कधी वर, कधी खाली, कधी मागे. ‘कि’मधली वेलांटी लिहिलेली आधी दिसते आणि उच्चारायची नंतर. आपल्यासारखीच लिपी-रचना असलेल्या कन्नडमध्ये सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात अक्षरं पक्की होण्याचं काम चौथीपर्यंत चाललेलं दिसलं, आणि ती मुलं रोज शाळेत कन्नड वाचणारी होती. तुमच्या मुलीला आठवड्यातून मराठीचे मोजकेच तास मिळतात. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्यामुळे सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली हे चांगलंच झालं, पण वर्गात होतं ते मुख्यतः धडा आणि प्रश्नोत्तरं. आकार डोळ्यांत बसायला जेवढं भारंभार सोपं वाचन लागतं, तेवढं तिथे होऊच शकत नाही. ती जबाबदारी घरावर आणि वाचनालयावर येते.

आता आधी करायची एक गोष्ट. नवं पुस्तक विकत घेण्यापूर्वी, तिने ठेवून दिलेल्यापैकीच एक घ्या. साधारण शंभर शब्दांचं पान निवडा आणि तिला मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही हातात पेन्सिल घेऊन बसा. अडली की लगेच शब्द पुरवू नका, चार-पाच सेकंद थांबा. कुठे अडली ते टिपा, पण दोन खुणा वेगळ्या करा: आकार अडला की अर्थ अडला. ‘दऱ्या’ला तिने ‘दर्या’ म्हटलं तर आकार अडला. ‘वास्तव्य’ बरोबर वाचून तिने तुमच्याकडे पाहिलं तर अर्थ अडला. पान संपलं की पुस्तक मिटा आणि विचारा, काय काय झालं? मग पुढचं पान तुम्ही वाचून दाखवा आणि तेच विचारा.

शंभरात पाचपर्यंत शब्द चुकले तर ते पुस्तक ती एकटी वाचू शकेल. पाच ते दहा असतील तर तुमच्या सोबतीने. त्याहून जास्त असतील तर ते पुस्तक सध्या तुम्ही तिला वाचून दाखवायचं. हा ठोकताळा इंग्रजी वाचनाच्या अभ्यासातून आलेला आहे, त्यामुळे काट्यावर तोलू नका. मी स्वतः मोजताना ‘गेले’ला ‘गेलं’ वाचलेलं चुकीत धरत नाही. मूल समजून वाचतंय आणि आपल्या जिभेवरचं रूप घालतंय, याचा तो पुरावा आहे.

माझा अंदाज, पहिल्या पानाबद्दल ती तुटक काहीतरी सांगेल आणि दुसऱ्या पानाबद्दल सगळं, वर स्वतःचं मतही देईल. तसं झालं तर वर केलेली फोड बरोबर आहे असं समजा. दुसऱ्या पानाबद्दलही तिला नीट सांगता आलं नाही, तर प्रश्न वेगळा आहे, त्याकडे शेवटी येते.

आधी तिने स्वतः वाचायच्या पुस्तकांबद्दल. सोपं पुस्तक ओळखायचं कसं? बहुतेक पालक वाक्यांची लांबी बघतात. मराठीत त्यावर भिस्त ठेवता येत नाही. ही दोन वाक्यं बघा.

आजी बाजारात गेली आणि येताना पेरू, चिकू, केळी आणि एक मोठा टपोरा फणस घेऊन आली.

दुष्ट राक्षसाने दऱ्याखोऱ्यांत वास्तव्य केले.

पहिलं पंधरा शब्दांचं, दुसरं पाच शब्दांचं. पहिल्यात एकही जोडाक्षर नाही, आणि प्रत्येक शब्द तिच्या तोंडातला आहे. दुसऱ्यात पाचांपैकी चार शब्दांत जोडाक्षर आहे. ‘दऱ्याखोऱ्यांत’ या एका शब्दात तर अर्धा र दोनदा, वर अनुस्वार. पहिलीच्या टप्प्यावरचं मूल पहिलं वाक्य हळूहळू का होईना, पार करतं. दुसऱ्यात तिसऱ्या शब्दाला पोचेपर्यंत पहिला विसरलेलं असतं. स्टोरीवीव्हरसारख्या संकेतस्थळावर मराठी गोष्टींना चार पातळ्या दिलेल्या असतात. पहिली अडीचशे शब्दांच्या आतली, दुसरी सहाशेपर्यंत, तिसरी पंधराशेपर्यंत, चौथी त्याहून मोठी. पुस्तक शोधायला या पातळ्यांचा उपयोग होतो आणि तिथल्या गोष्टी फुकट वाचता, छापून घेता येतात. पण शब्दसंख्येवरून जोडाक्षरांचा पत्ता लागत नाही. शिवाय कित्येक गोष्टी दुसऱ्या भाषेतून आलेल्या असतात. मूळ भाषेत अगदी सोपा असलेला शब्द मराठीत येताना दोन जोडाक्षरं घेऊन येतो. पातळी बघून पुस्तक उघडा, पण आतलं एक पान स्वतः वाचूनच ठरवा.

जोडाक्षर दिसलं की पुस्तक बाजूला ठेवा, असं मात्र मी म्हणत नाही. काही बालवाडी-पहिलीच्या पुस्तकांत जोडाक्षरं टाळायच्या नादात ‘कमल, नमन कर. मगन, गवत आण’ अशी वाक्यं तयार होतात. घरात असं कोणी बोलत नाही. आठ वर्षांच्या मुलीला ती वाचायला लावणं म्हणजे तिच्या अकलेचा अपमान आहे. खरा निकष असा, की जोडाक्षर असलेला शब्द तिच्या बोलण्यात आहे का? ‘पुस्तक’, ‘चष्मा’, ‘रिक्षा’, ‘आत्या’, ‘गोष्ट’, ‘स्वयंपाकघर’ हे शब्द ती रोज बोलते. तिथे अर्धा शब्द डोळ्यांनी वाचला की उरलेला कान पुरा करतो, आणि तसा पाच-सात वेळा पुरा झाला की तो आकार डोळ्यांनाही ओळखीचा होतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मी आणखी एक वाट सुचवते. ‘क्रिकेट’, ‘ट्रक’, ‘फ्रीज’, ‘प्लेट’, ‘स्कूटर’ असे शब्द असलेला मजकूर आधी द्यायचा. शुद्ध मराठीचा आग्रह असलेल्या आजोबांना हे रुचत नाही, पण ‘प्ल’ हा आकार ‘प्लेट’मधून शिकलेली मुलगी उद्या ‘प्लावन’ही वाचते.

आकार ओळखायला कानाची मदत आणखी एका ठिकाणी लागते. ‘जग’ हा पाण्याचा जग आणि ‘जग’ म्हणजे दुनिया, लिहायचे सारखे आणि उच्चारायचे वेगळे. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च एक नाही. मूल वाक्याचा अर्थ धरून चाललं असेल तरच योग्य उच्चार करतं. सुटे शब्द किंवा शब्दांच्या याद्या वाचायला लावल्या की हा आधारच जातो. म्हणून सुरुवातीलाही वाक्यं असलेला, काही घडत असलेला मजकूर हवा.

पुढची अडचण अशी आहे, जी वयाची चौकट छापणाऱ्यांच्या हिशोबात मला कधी दिसत नाही. आपल्या शब्दांची रूपं बदलतात. आमच्याकडे दुसरीतला एक मुलगा सशाची गोष्ट वाचत होता. शीर्षकातला ‘ससा’ त्याने झटकन वाचला, चित्रात बोट ठेवून दाखवला. तिसऱ्या पानावर ‘सशाला भूक लागली’ असं होतं. त्याने ‘स-शा-ला’ असं नीट फोडून वाचलं आणि मान वर करून विचारलं, “सशा म्हणजे काय?” हा मुलगा बोलताना ‘सशाला’ म्हणतच असणार. पण कागदावर ‘ससा’ आणि ‘सशाला’ हे त्याला दोन अनोळखी शब्द दिसले. ‘पाऊस’चं ‘पावसात’, ‘कुत्रा’चं ‘कुत्र्याने’, ‘मूल’चं ‘मुलाला’, ‘फूल’चं ‘फुलांचा’, सगळीकडे हीच गत. त्यात प्रत्यय एकावर एक चढतात: घर, घरात, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. या टप्प्यावर चांगलं पुस्तक ते, ज्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येतं आणि दर वेळी रूप थोडं बदलतं. ससा आला, सशाने पाहिलं, सशाला वाटलं, सशाचे कान. कसलेला बाललेखक हे मुद्दाम करतो. आपल्याला ते पुनरुक्तीचं, कंटाळवाणं वाटतं, मुलाला मात्र त्याचा आधार असतो. अडलेल्या शब्दाला तुम्ही मदत करताना अख्खा शब्द सांगण्याऐवजी ‘यात तुला कोणता ओळखीचा शब्द दिसतोय?’ असं विचारा. तीन-चार आठवड्यांत ती स्वतः शोधायला लागेल.

भाषेचं वळणही बघा. ‘त्याने दार उघडले आणि पुस्तके उचलली’ आणि ‘त्याने दार उघडलं आणि पुस्तकं उचलली’ या दोन्हींत मोठ्यांना फरक जाणवत नाही. नवं वाचणाऱ्याला जाणवतो. त्याने आयुष्यभर ‘उघडलं’ ऐकलेलं असतं. त्यामुळे सुरुवातीची पुस्तकं बोलण्यासारख्या अनुस्वाराच्या मराठीत असलेली बरी. ‘उघडले, पुस्तके’वाली आधी ऐकू द्या, वाचायला नंतर द्या.

छपाईबद्दल थोडंसंच. अक्षर मोठं हवं, ओळींमध्ये मोकळी जागा हवी, मजकूर चित्रावर छापलेला नको. हिंदी वळणाच्या टंकात छापलेली मराठी पुस्तकं हल्ली बरीच येतात. त्यांतले ‘ल’ आणि ‘श’ शाळेत गिरवलेल्या ‘ल’ आणि ‘श’सारखे नसतात. आपल्या लक्षातही येत नाही, नवं मूल तिथे नेमकं थबकतं. अशी पुस्तकं फेकायची गरज नाही. दोन्ही आकार एकदा शेजारी लिहून दाखवले की काम होतं.

आता ‘ही बाळांची आहेत’ या तक्रारीकडे येऊ, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नात सगळ्यात जपून हाताळायची गोष्ट हीच आहे. तिचं म्हणणं खरं आहे. तिला वाचता येईल असा मजकूर बहुतेक वेळा पाच वर्षांच्या मुलाला आवडेल अशा विषयावर असतो. तेव्हा विषय आठ वर्षांचा आणि मजकूर कमी, असं साहित्य शोधा. चित्रकथा, जिथे बोलणं फुग्यांत असतं आणि एका फुग्यात पाच-सात शब्द असतात. कोडी आणि विनोद, जिथे दोन ओळींत मोबदला मिळतो. प्राणी, अवकाश, यंत्रं, किल्ले यांवरची माहितीची पुस्तकं, ज्यांत चित्राखालच्या दोन ओळीच वाचल्या तरी काहीतरी नवं कळतं. सोप्या पाककृती, ज्या वाचून खरंच काहीतरी करता येतं. छोटी नाटुकली तर फारच उपयोगी. तिच्या वाट्याचे संवाद ती आपणहून पुन्हा पुन्हा वाचते. एरवी ‘हे पान पुन्हा वाच’ म्हटलं तर ती शिक्षा वाटते, आणि ओघ येतो तो मात्र तेच तेच वाचूनच.

पण यातलं एकच निवडायचं असेल तर मी म्हणेन, तिला धाकट्याला वाचून दाखवू दे. तो साडेतीनचा आहे म्हणजे त्याची पुस्तकं एका पानावर एक-दोन ओळींची, पुनरावृत्तीची आणि बोलण्यातल्या भाषेची असणार. तिच्या डोळ्यांना नेमकं तेच हवं आहे. ती स्वतःसाठी वाचत नसल्यामुळे ‘बाळांची’ हा आक्षेपही उरत नाही. ताई म्हणून तिला मान मिळतो. फक्त त्याच्यासमोर अडखळण्याची वेळ तिच्यावर आणू नका. दुपारी तुम्ही दोघी ते पुस्तक एकदा वाचून घ्या, अडणारे शब्द सोडवून ठेवा, रात्री ती त्याला वाचून दाखवेल. धाकटा ‘परत, परत’ म्हणेल आणि तिचं तेच पुस्तक चार वेळा वाचून होईल. आमच्या वाचनालयात मोठ्या मुलांना छोट्यांसाठी पुस्तकं निवडायला लावतो, तेव्हा एरवी मराठीच्या कपाटाकडे न फिरकणारी मुलं तिथे बराच वेळ बसलेली दिसतात.

दुसरी बाजू ऐकायच्या पुस्तकांची. मूल वाचायला लागलं की पालक वाचून दाखवणं बंद करतात, ‘आता तुझं तू वाच’ म्हणतात. याने नुकसान होतं. प्राथमिक शाळेची सगळी वर्षं मुलाला वाचून जितकं समजतं त्याहून ऐकून जास्त समजतं. तुमच्या मुलीच्या मराठीत तर ही दरी मोठीच आहे. इथे तुम्ही जराही सोपं करू नका. ‘वय 7 ते 9’वाली जी पुस्तकं ती ठेवून देते, तीच रोज पंधरा-वीस मिनिटं वाचून दाखवा, आणि पुढे त्याहून अवघड घ्या. प्रकरणाप्रकरणाने चालणारी लांब गोष्ट, लोककथा, प्रवासाचं वर्णन, शास्त्रज्ञांचं आयुष्य. आठव्या वर्षी मूल ‘जर-तर’, ‘जेव्हा-तेव्हा’ची लांब वाक्यं पेलतं. बोलणाऱ्याच्या मनात एक आणि ओठांवर दुसरं असू शकतं हे त्याला कळतं. पाच वर्षांच्या मुलाला ‘पोटात कावळे ओरडतायत’ म्हटलं की ते पोटाकडे बघतं. आठ वर्षांच्या मुलाला त्यात मजा येते आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः वापरतं. ‘परंतु’, ‘इतक्यात’, ‘जणू’, ‘अखेरीस’, ‘निमूटपणे’ हे शब्द आपण घरात बोलत नाही, ते पुस्तकातूनच कानावर पडतात. आज ऐकलेला ‘निमूटपणे’ सहा महिन्यांनी तिला छापलेला दिसेल तेव्हा तिला फक्त आकार सोडवायचा असेल, अर्थ आधीच घरात असेल. ‘किशोर’ मासिक बालभारती 1971 पासून काढते आहे आणि त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यांतल्या कथा आज तिला वाचून दाखवायला आणि दोनेक वर्षांनी तिने स्वतः वाचायला उत्तम.

वाचून दाखवताना बोट शब्दांखाली फिरवायचं का, असं पालक विचारतात. धाकट्याला कधीतरी फिरवा, त्याला कळू दे की आपण चित्र नव्हे, या खुणा वाचतोय. मोठीला नको. तिच्यासाठी ती गोष्टीची वेळ आहे, तिचा अभ्यास होऊ देऊ नका. शब्दाचा अर्थ विचारून परीक्षाही घेऊ नका. अवघड शब्द आला तर वाचता वाचता त्याच्या शेजारी सोपा शब्द पेरून पुढे जा.

धाकट्याबद्दल तुम्ही फारसं विचारलेलं नाही, पण त्याचं वय भाषेच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोन वर्षांच्या सुमाराला ‘बाबा आले’सारखी दोन शब्दांची जोडी, आणि तीननंतर ‘का?’चा मारा. याच सुमाराला मुलं ‘मी करलं’ म्हणतात. ‘बसलं, पडलं’ ऐकून त्याने स्वतः नियम शोधला आणि ‘कर’ला लावला. त्याचं डोकं उत्तम चाललंय असा याचा अर्थ. ‘करलं नाही, केलं म्हण’ असं टोकू नका, ‘अरे वा, तू केलंस!’ एवढं म्हटलं की पुरे. त्याला पुस्तक असं हवं, ज्याच्या चित्रात काहीतरी घडतंय आणि जे ऐकून तो स्वतः सांगू शकेल. त्याच्या सांगण्यात ‘मग... मग... मग...’ येईल, येऊ द्या, गोष्टीचा क्रम लावायला तो तिथूनच शिकतो. यमकाची बडबडगीतं भरपूर म्हणा. शब्द आवाजांचे बनलेले असतात हे मूल त्यांतूनच ओळखतं, आणि पुढे अक्षरं शिकताना ते कामी येतं. अक्षरओळखीची घाई मात्र अजिबात नको.

वेगाबद्दल एक सावधगिरी. केंद्र सरकारच्या 2021 च्या ‘निपुण भारत’ या लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान 60 शब्द समजून वाचता यावेत असं लक्ष्य आहे. हा आकडा कुणीतरी तुम्हाला सांगेलच. पण हे लक्ष्य मूल ज्या भाषेत शाळा शिकतं, त्या भाषेसाठी आहे. तुमच्या मुलीच्या मराठीला ते आज लावू नका आणि घड्याळ लावून वाचायला तर मुळीच बसवू नका. ओघ आला की वेग आपोआप येतो. मी बघते ते एवढंच, की ती शब्द तोडून वाचते की वाक्याच्या चालीत वाचते, आणि स्वल्पविरामाला श्वास घेते का.

आता परिस्थितीनुसार काय बदलेल ते. दुसरं पान ऐकूनही मूल नीट सांगू शकलं नाही, तर त्याचा कान तयार व्हायचा आहे. अमेरिकेत किंवा युरोपात वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांचं असं होतं. त्यांना मराठी समजतं ते ‘जेवायला ये’, ‘बूट घाल’ इतपत. तिथे ऐकायची पुस्तकंही खालच्या टप्प्यावरून सुरू करावी लागतात, चित्रांचा आधार जास्त असलेली, आणि लिपी सहा महिने बाजूला ठेवली तरी चालते. घरात अहिराणी, मालवणी, वारली, पावरी बोलणाऱ्या मुलांचा प्रश्न आणखी निराळा. त्यांची भाषा वयाला साजेशी समृद्धच असते, पण पुस्तकातली मराठी त्यांच्या कानाला परकी असते. त्यांच्यासाठी आधी त्यांच्या बोलीत गोष्ट सांगणं, मग तीच पुस्तकातून वाचणं, असा क्रम लागतो. शिक्षकाने त्यांच्याच तोंडची दोन-चार वाक्यं फळ्यावर लिहून वाचायला दिली तर त्याहून चांगलं पहिलं पुस्तक नाही.

आणि मूल ज्या भाषेत शिकतं त्याही भाषेत तिसरी-चौथीला अडखळत असेल, फळ्यावरचं उतरवताना अक्षरं गाळत असेल, तोंडी हुशार आणि लेखी कोरं असेल, तर पुस्तक बदलत बसण्यात वेळ घालवू नये, तपासणी करून घ्यावी. मुंबईत शीव आणि केईएम या महापालिका रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. तुमची मुलगी इंग्रजी सफाईने वाचते, त्यामुळे मला तशी शंका वाटत नाही.

पुढचे दोन महिने एवढं करून बघा: रोज रात्री तुम्ही तिला मोठं पुस्तक वाचून दाखवायचं, आठवड्यातून दोन-तीनदा तिने धाकट्याला छोटं वाचून दाखवायचं, आणि चित्रकथा-कोडी तिच्या हाताला लागतील अशा उंचीवर, अभ्यासाच्या कपाटापासून लांब ठेवायची. मग तेच शंभर शब्दांचं पान पुन्हा काढा. आकाराच्या खुणा कमी झाल्या असतील पण ‘ऱ्या’, ‘र्य’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ अशा ठरावीक जागीच गाडी अडत असेल, तर अडलेले शब्द मला लिहून पाठवा. नेमकं काय अडतंय ते दिसलं की त्याला धरून पुस्तकं सुचवता येतात.